छत्तीस ठिपके

धैर्यशील मगदूमचं लग्न एका तक्रारअर्जातून जमलं.

कोल्हापूरच्या 'करवीर लहर' या रेडिओ केंद्रावर रोज दुपारी दोनच्या कार्यक्रमात एक सूचना वाचली जायची. 'ज्या भागात आमचं प्रसारण ऐकू येत नाही, तिथल्या श्रोत्यांनी तसं केंद्राला कळवावं.' ही सूचना केंद्रप्रमुखांनी स्वतः लिहिली होती, आणि तिच्यात काही गोम आहे हे ते निवृत्त होईपर्यंत त्यांना कुणी सांगितलं नाही. अकरा वर्षांत तिला एकच पत्र आलं. 'करूळ घाटात तिसऱ्या वळणानंतर आवाज येत नाही. कळावे. धै. मगदूम.' खाली फोन नंबर.

सूचना वाचणारी निवेदिका होती पद्मजा. तिनं फोन लावला.

"ऐकूच येत नाही, तर तुम्ही सूचना ऐकलीत कशी?"

"'ज्या भागात आमचं' एवढं दुसऱ्या वळणावर ऐकलं," धैर्यशील म्हणाला. "पुढचं अंदाजानं."

"आणि आमचा पत्ता?"

"त्यासाठी तीन दिवस त्याच वळणावर गाडी पुढंमागं केली."

पद्मजा हसली. रेडिओवर हसायची तशी गोल नाही, नाकातून, फस्सकन. तो आवाज फोनवर स्पष्ट आला. दीड वर्षानं लग्न झालं.

धैर्यशील एका दूध संघाची शीतयंत्रं दुरुस्त करायचा. आठवड्यातले चार दिवस गगनबावड्यावरून खाली कोकणात उतरायचा, आणि दोनच्या सुमाराला नेमका घाटात असायचा. बारापासून गाण्यांच्या मधलं निवेदनही तिचंच असायचं. कोल्हापूर सोडताना हेल्मेटातल्या रेडिओवर बायकोचा आवाज असा असायचा, की ती कानाशी बसलीय. कळे गावाशी ती जरा लांब जायची. साळवणला शेजारच्या घरातून बोलल्यासारखी. तिसऱ्या वळणावर ती तेलात पडायची, नुसती चरचर.

आता कुणी म्हणेल, फोनवर ऐकावं. पण तोवर फोनवरच्या गाण्यांची एक वेगळीच तऱ्हा झाली होती. प्रत्येकाचा फोन ज्याच्या त्याच्या नाडीचे ठोके बघून ज्याचं त्याचं गाणं जागच्या जागी तयार करायचा. एकाच सोफ्यावर बसलेल्या नवरा-बायकोनं एकच गाणं ऐकणं बंद पडलं होतं. मग माणसांना रेडिओची आठवण झाली. रेडिओवर लागलेलं गाणं सगळ्यांना एकाच वेळी आवडत नाही, यात काही वेगळाच आनंद असतो.

धैर्यशीलचं म्हणणं त्याहून साधं होतं. त्याला तिसऱ्या वळणानंतरची पद्मजा हवी होती.

अडचण काय होती, तर एफएमची लहर साधारण तीन मीटर लांब. ती नीट पकडायची तर अँटेना निदान तिच्या पाव मापाची लागते, म्हणजे पाऊण मीटर. हेल्मेटात जागा वीतभर. तिथं तारेचं वेटोळं करून बसवतात, आणि त्या वेटोळ्याच्या मधोमध असतं माणसाचं डोकं. शास्त्राच्या दृष्टीनं डोकं म्हणजे चार-पाच किलो खारट पाणी. रेडिओपर्यंत पोचायच्या आत ते बरीचशी लहर पिऊन टाकतं.

धैर्यशीलनं विचार केला, डोकं लहर पितंच आहे, तर त्यालाच कामाला लावू. त्यानं हनुवटीखालच्या पट्ट्यात चांदीचा मुलामा दिलेला धागा विणून घेतला. धागा कातडीला टेकला, की टाळूपासून टाचेपर्यंतचं सगळं शरीर अँटेना बनायचं. पावणेदोन मीटरची, रोज आंघोळ करणारी अँटेना. आवाज पाचव्या वळणापर्यंत आला.

पुढचं डोंगरांनी अडवलं. घाटात लहर सरळ येत नाही, कड्यांवर आपटून चार वाटांनी येते. त्या चार जणी एखाद्या जागी एकमेकींना पुसून टाकतात आणि तिथून हातभर मागं एकमेकींना उचलून धरतात. पुढच्याच्या कानात खरखर, तेव्हा मागे बसलेल्याच्या कानात गाणं, असं होऊ शकतं. म्हणून त्यानं दोन हेल्मेटं एकमेकांना जोडली. क्षणोक्षणी ती दोन्ही शरीरांनी पकडलेली लहर तोलून एकत्र करायची. दोन माणसं मिळून एक चांगला कान.

पण रोज चाचणीला मागे बसणार कोण? त्यानं पन्नास लिटरचं निळं पिंप घेतलं, त्यात साडेचारशे ग्रॅम मीठ विरघळवलं. प्रयोगापुरता माणूस तयार झाला. पिंप मागच्या सीटवर त्याच्यापासून हातभर अंतरावर पट्ट्यांनी आवळलं आणि त्याच्या झाकणावर हेल्मेट बसवलं. पद्मजानं त्याचं नाव ठेवलं 'पाव्हणे'.

फुलेवाडीच्या नाक्यावर हवालदारानं अडवलं.

"मागं कोण हाय?"

"पाणी."

"पाण्याला हेल्मेट?"

"मिठाचं पाणी आहे."

हवालदारानं पाव्हण्यांना एक फेरी मारली. "बिनहेल्मेटचं असतं तर पावती फाडली असती," असं म्हणून त्यानं सोडलं.

लहर किती मिळते ते दिसावं म्हणून धैर्यशीलनं हँडलवर दिव्यांची एक पट्टी चिकटवली होती. बंद पडलेल्या एका लिफ्टच्या कारखान्यातून त्याला या पट्ट्या मिळाल्या. प्रत्येकीवर छत्तीस ठिपके होते. चाळीस असते तर ही गोष्ट इथंच संपली असती.

पाव्हण्यांना घेऊन तो घाट उतरला तेव्हा छत्तीसच्या छत्तीस ठिपके लागले. सातव्या वळणावर पद्मजा पावट्यावरच्या किडीबद्दल बोलत होती आणि किडीचं नाव सांगायच्या आधी तिनं घेतलेला श्वाससुद्धा त्याला ऐकू आला. त्यानं गाडी बाजूला घेतली आणि कीडनियंत्रणाचा अख्खा भाग उभ्यानं ऐकला.

पद्मजाला त्यानं संध्याकाळी हे सांगितलं. ती म्हणाली, "माझ्याबरोबर कधी एवढं लक्ष देऊन बसला नाहीस, किडीसाठी थांबलास." पण तिला फार बरं वाटलं होतं, ते तिच्या नाकातून कळलं.

*

धैर्यशीलचा मावसभाऊ रणधीर चौगुले याचं शाहूपुरीत हेल्मेटचं दुकान होतं. त्यानं पट्टा, रेडिओ आणि दिव्यांची पट्टी यांचा जोड विकायला ठेवला. पहिल्याच आठवड्यात साखरपुडा झालेलं एक जोडपं आलं, बरोबर मुलाची विट्याची आत्या. जोडपं एक चक्कर मारून आलं. आत्यानं पट्टी बघितली.

"अठ्ठावीस," ती म्हणाली. "छत्तीसपैकी अठ्ठावीस. आमच्या भटजींनीपण अठ्ठावीसच गुण काढले होते."

हा योगायोग होता. पण आत्याला तीन बहिणी, सात नणंदा-जावा आणि एक महिला मंडळ होतं.

दोन महिन्यांत गुणमेलन पत्रिकेतून उठून गाडीवर आलं. पत्रिकेत जन्मवेळ चुकलेली असू शकते. इथं डोळ्यांसमोर दिवे लागत होते. मुलगी बघायला येणारी मंडळी पोह्यांनंतर 'जरा घाट काढून येऊ दे दोघांना' म्हणू लागली. अठराच्या खाली नकार. लोक हातापायाला मिठाचं पाणी चोळून चाचणीला येऊ लागले. वडणग्याच्या एका तरुणाचे होणाऱ्या बायकोशी अकरा आले, आणि तिला घरी सोडून परत येताना वाटेत हात केलेल्या विमा एजंटाशी बत्तीस. लग्न मोडलं. विमा मात्र उतरवला.

यात सगळ्यात वाईट भाग अंतराचा होता. दोन अँटेना एकमेकींना चिकटल्या की त्यांची एकच अँटेना होते. मग दुसऱ्या शरीराचा काही उपयोग उरत नाही आणि आकडा कोसळतो. म्हणजे नव्या नवऱ्याच्या कमरेला मिठी मारून बसलेल्या मुलींचे सात-आठ यायचे. तीस वर्षं एकमेकांशी धड न बोललेली, मधे भाजीची पिशवी ठेवून बसणारी जोडपी तीस-बत्तीस घेऊन घरी जायची. लोकांनी यावरून असा निष्कर्ष काढला, की खरं प्रेम तीस वर्षांनी सुरू होतं.

धैर्यशीलनं एका वधूवर मेळाव्यात उभं राहून सांगितलं, "हा आकडा मिठाचा आहे आणि मधल्या अंतराचा आहे. याच्यापलीकडं त्यात काहीही नाही."

"संसारात तरी दुसरं काय असतंय?" मागून कुणीतरी विचारलं. टाळ्या पडल्या. आयोजकांनी धैर्यशीलला नारळ दिला.

"भावा, तू गप बस की," रणधीर बाहेर आल्यावर म्हणाला. "लोकांना रेडिओ देतोयस, ऐकू दे. लोक जे ऐकत्यात ते ऐकू दे."

*

स्वतःच्या बायकोला मागे बसवून धैर्यशीलनं घाट काढला नव्हता. दोन वाजता ती केंद्रावर असायची आणि ती केंद्रावर असली तरच त्याला रेडिओत रस होता. एका रविवारी सुट्टी जुळली. गगनबावड्याच्या पुढं पहिल्या वळणावर पद्मजानं त्याच्या खांद्यावरून डोकावून पट्टी बघितली.

"नऊ," ती म्हणाली.

"तू चिकटून बसलीयस म्हणून."

"मग लांब बसू?"

"बघ बसून."

ती मागं सरकली. एकवीस. कानातलं गाणं स्वच्छ झालं आणि पाठीला वारा लागला. थोडा वेळ दोघं तसेच गेले.

"हे काय बरं नाही," पद्मजा म्हणाली आणि परत पुढं सरकली. गाल त्याच्या पाठीला. नऊ. गाणं चरचरायला लागलं. "नऊच असू देत. गाणं काय, उद्या मीच लावीन."

त्या दिवशी ती घाटभर हसत होती. घरी येऊन तिनं आमटीत मीठ जास्त घातलं आणि म्हणाली, "घे, कमी पडायला नको." दुसऱ्या दिवशी केंद्रावरच्या सगळ्यांना तिनं स्वतः सांगितलं, आमचे नऊ आले. बागवान म्हणून तिथले अभियंता होते, वयस्क, मनोरा सांभाळणारे. ते म्हणाले, "मॅडम, आमच्या घरात सव्वीस आहेत आणि जेवण वेगवेगळं आहे." पद्मजा तेही घरी येऊन सांगत हसली.

धैर्यशीललाही हसू आलं. पण मंगळवारी घाटात पाव्हण्यांचे छत्तीस बघताना त्याला नऊची आठवण झाली. बुधवारीही झाली. कारण त्याला पाठ होतं. अंतर शून्य, म्हणून नऊ. स्वतः मांडलेलं गणित होतं. तरी शेजारच्या शिंदेकाकूंनी जिन्यात 'तुमचे किती आले?' विचारलं तेव्हा त्यानं खिशातून फोन काढून कानाला लावला. फोन बंद होता.

मग रणधीर आला. दसऱ्याला चौकात मोठा कार्यक्रम ठरला होता. नवीन जोडाचं उद्घाटन, मोठा पडदा, आणि पडद्यावर शोधकर्ते दांपत्य गाडीवरून येताना थेट दिसणार, खाली त्यांचा आकडा.

"तुमचे किती हायत?"

"एकवीस," धैर्यशील म्हणाला. अर्ध्या घाटापुरतं ते खरं होतं.

"एकवीस?" रणधीरचा चेहरा पडला. "माझ्या आई-बाबांचे एकतीस हायत आणि ते दोघं एका खोलीत बसत नाहीत. शोध लावणाऱ्याचे एकवीस म्हटल्यावर माल कोण घेणार?"

"ती लांब बसली तर एकवीस. नाहीतर..."

"नाहीतर?"

हजार माणसांसमोर बायकोला 'जरा लांब बस' म्हणायचं, किंवा ती जवळ बसली म्हणून पडद्यावर नऊ दिसू द्यायचे. तिसरी वाट धैर्यशीलच्या बोटांत होती. पट्टीच्या प्रणालीत त्यानं एक ओळ घातली: पद्मजाचं हेल्मेट जोडलेलं असेल तर मोजू नये, चौतीस दाखवावेत. छत्तीस दाखवले नाहीत, कारण ते खोटे वाटले असते.

दसऱ्याला गाडी चौकात शिरली. पडद्यावर चौतीस उमटले. ढोल वाजले. पद्मजा नेहमीसारखी त्याला बिलगून बसली होती. तिनं खांद्यावरून पट्टी बघितली.

घरी आल्यावर तिनं विचारलं, "कसे काय आले रे?"

"नवा पट्टा आहे. आता जवळ बसलं तरी चालतं."

"असं होतं होय," ती म्हणाली. जरा वेळानं म्हणाली, "हे सगळं मिठाचंच आहे, मला माहितीये. तरी बरं वाटलं."

पुढचे तीन महिने बरे गेले, एवढे बरे की धैर्यशील ती ओळ काढायला विसरला. नंतर विसरला नव्हता, पण काढली नाही. पद्मजानं पडद्यावरच्या चौतिसांचा फोटो कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. माहेरी फोनवर ती सहज बोलता बोलता आकडा सांगायची. भांडण निघालंच तर 'चौतीसवाले भांडतात काय?' म्हणून मिटायचं. धैर्यशील त्या आकड्याला रुळला. कधीकधी त्याला वाटायचं, तो खरोखरच आलेला आहे.

फक्त एक होतं. दोघं बरोबर निघाली की चौतीस असूनही रेडिओ चरचरायचा.

"एवढे गुण असून खरखर कशी?" पद्मजानं एकदा विचारलं.

"तुमच्या केंद्राचाच दोष असेल," धैर्यशील म्हणाला.

तिनं ते मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी तिनं बागवानांना सांगितलं, की आमच्या गाडीवर चौतीस असताना आवाज फाटतो, म्हणजे प्रसारणातच काहीतरी आहे. एकसष्ट वर्षांचे बागवान कमरेला दोर बांधून मनोऱ्यावर चढले. काही सापडलं नाही. महिन्यानं परत चढले.

*

जानेवारीतल्या एका गुरुवारी धैर्यशीलची शीतयंत्रांची फेरी रद्द झाली आणि पद्मजाची बस चुकली. तिनं गाडी काढली. गाडी जोडलेली होती त्याच्या हेल्मेटला, म्हणून तिनं त्याचं हेल्मेट घातलं. संध्याकाळी परत येताना त्याला वाटेत मागे घ्यायचं, म्हणून स्वतःचं हेल्मेट मागच्या सीटच्या आकड्याला अडकवलं.

रंकाळ्यापाशी तिनं पट्टी बघितली.

साडेअकराला तिनं धैर्यशीलला फोन केला. "केंद्रावर ये."

तो रिक्षानं गेला. पद्मजा मनोऱ्याच्या पायथ्याशी गाडीजवळ उभी होती. वर, ऐंशी फुटांवर, बागवान लोंबकळत होते. तिनं त्याचं हेल्मेट डोक्यावर चढवलं आणि गाडी चालू केली. मागच्या आकड्याला तिचं रिकामं हेल्मेट झुलत होतं. चौतीस ठिपके लागले.

"मागं कुणी नाहीये," ती म्हणाली.

धैर्यशील पट्टीकडं बघत राहिला.

"रणधीरनं पडदा लावला होता," तो म्हणाला. "हजार माणसं होती, पद्मा. नऊ दिसले असते तर..."

"मला सांगितलं असतंस तर मी लांब बसले असते."

"तुला लांब बस म्हणायचं नव्हतं मला."

"नको होतं म्हणायला. नऊ दिसले असते. मी सगळ्या केंद्राला नऊ सांगून आले होते, हसून आले होते. का, माहितीये? कारण तू म्हणालास, जवळ बसलीयस म्हणून नऊ. मला तो आकडा आवडला होता."

"ते खरंच आहे. अंतर शून्य झालं की..."

"मला गणित येतं आता. तुझ्याकडूनच आलं." तिनं गाडी बंद केली. ठिपके विझले. "मग मला एवढंच सांग. तुला पक्कं माहीत होतं, ते मीठ-पाणी आहे. वधूवर मेळाव्यात जाऊन सांगायचास. मग बदललास कशाला?"

"लोकांसाठी."

"दसऱ्यानंतर तीन महिने गाडीवर लोक नव्हते. मी होते."

यावर धैर्यशीलनं तोंड उघडलं. पण त्याच्याकडं त्या प्रश्नाचं जे उत्तर होतं ते त्याला त्याच क्षणी पहिल्यांदा दिसलं होतं, आणि ते बोलण्यासारखं नव्हतं.

"तुला नऊ खरे वाटले," पद्मजा म्हणाली. आवाज चढला नव्हता. दोनच्या कार्यक्रमात हवामान सांगायची त्याच आवाजात. "सगळ्या जिल्ह्याला वाटले असते तरी चाललं असतं. तुला वाटले. आणि चौतीस मिळाल्यावर मला जो आनंद झाला, तो तू रोज बघत होतास. बघून गप बसलास."

"मी आत्ता ओळ काढतो."

"काढ. आकडा काय येईल माहितीये?" तिनं आपलं हेल्मेट आकड्यावरून काढलं. "मी आता किती लांब बसीन, त्यावर आहे."

वरून बागवानांनी हाक मारली, "मॅडम, इथं सगळं ठीक आहे. काही दोष दिसत नाही."

पद्मजानं मान वर केली. "खाली या, बागवानकाका," ती म्हणाली. "सापडला."

*

पद्मजा केंद्राजवळच्या एका मैत्रिणीच्या खोलीत राहायला गेली. भांडून गेली नाही. जाताना फ्रिजमधलं दही कधीपर्यंत चालेल ते सांगून गेली. कपाटाच्या दारावरचा फोटो तिनं काढला; चिकटपट्टीचे चार तुकडे राहिले.

धैर्यशीलनं एक काम केलं, उशिरा का होईना. रणधीरच्या पुढच्या कार्यक्रमात तो न बोलावता मंचावर गेला आणि माइक घेतला. पिंप बरोबर नेलं होतं. झाकणावर एक हेल्मेट बसवलं, एक स्वतः घातलं, आणि पट्टीवर सगळ्यांसमोर छत्तीस ठिपके लावून दाखवले.

"हे पिंप आहे," तो म्हणाला. "यात नळाचं पाणी आणि मीठ आहे. याचे आणि माझे छत्तीस गुण जुळतात. आता तरी समजून घ्या. या आकड्याचा माणसाशी काही संबंध नाही."

काहींनी माना डोलावल्या. त्याला वाटलं, पोचलं. मग पहिल्या रांगेत विट्याची आत्या उभी राहिली.

"तुमची मंडळी कुठं आहेत?"

"वेगळी राहते."

"कधीपासून?"

"जानेवारीपासून."

"आणि तुमचे खरे किती आले होते?"

धैर्यशील खरं सांगायचं ठरवून आला होता. "नऊ," तो म्हणाला.

आत्या लोकांकडं वळली. तिला पुढं काही बोलावंच लागलं नाही. सभागृहातून एक मोठा, समाधानाचा श्वास आला. नऊ आले होते आणि मोडलं होतं. यंत्र बरोबर होतं. बिचाऱ्यानं आकडा लपवला, पण यंत्र कुणाला सोडत नाही. रणधीरच्या दुकानाबाहेर त्या आठवड्यात रांग लागली. पिंपाच्या प्रयोगाचाही परिणाम झालाच. पाण्यात मीठ किती घातलं होतं, हे विचारायला चार-पाच उपवर मुलं येऊन गेली.

बागवानांनी मात्र आकडा विचारला नाही. ते एकदा वाटेत भेटले तेव्हा थांबून म्हणाले, "मगदूम, तीन वेळा चढलो मी. गुडघ्याचं काही नाही. पण एकदा येऊन सांगायचं होतंत."

"चुकलं," धैर्यशील म्हणाला.

"मला नव्हे," बागवान म्हणाले आणि गेले.

तो पद्मजाला सांगायला गेला. दोनदा गेला. ती दारात आली, तिनं चहा दिला, दूध संघाची, शीतयंत्रांची, घरच्या नळाच्या पाण्याची चौकशी केली. त्यानं 'चुकलं' म्हटलं, ती 'हो' म्हणाली. दोघांच्या मधे चहाची बशी होती. बोलणं अगदी स्वच्छ चाललं होतं, कुठं खरखर नाही. धैर्यशीलनं मनातल्या मनात अंतर मोजलं. हातभर.

*

जानेवारीपासून बंद असलेली शीतयंत्रांची फेरी मार्चमध्ये परत सुरू झाली. गाडीवर एकटा माणूस असला की आवाज पाचव्या वळणाला जातो, हे गणितच होतं. म्हणून त्यानं पिंप भरलं. पन्नास लिटर पाणी, साडेचारशे ग्रॅम मीठ. हातभर अंतर सोडून पट्टे आवळले. पद्मजाचं हेल्मेट घरात खुंटीला होतं. ते त्यानं घेतलं नाही, दुकानातलं जुनं घेतलं.

फुलेवाडीच्या नाक्यावर तोच हवालदार होता. त्यानं ओळखलं.

"वहिनी न्हाईत आज?"

"नाही."

हवालदारानं पाव्हण्यांकडं बघितलं, हेल्मेटचा पट्टा नीट लावलाय का ते बोट घालून तपासलं आणि जायची खूण केली.

कळे गेलं, साळवण गेलं. ऊन चांगलं तापलं होतं. तिसऱ्या वळणावर छत्तीस ठिपके लागले होते, पाचव्यावर छत्तीस, सातव्यावर छत्तीस. दोन वाजले. पद्मजा सगळ्या जिल्ह्याला नमस्कार म्हणाली. मग तिनं धरणातला पाणीसाठा सांगितला, काजूवरच्या मोहोराबद्दल एका प्राध्यापकांशी बोलली, एक जुनं गाणं लावलं. गाण्याच्या मधे तिनं पाण्याचा पेला खाली ठेवला, तो ठेवल्याचा आवाजही आला.

धैर्यशीलनं गाडी बाजूला घेतली. खाली दरीत कोकण धुरकट पसरलं होतं. मागं पाव्हणे पट्ट्यांत ताठ बसले होते. चढ-उतारानं पोटातलं पाणी हेलकावत होतं, ते हळूहळू शांत झालं.

"आणि आता एक सूचना," पद्मजा म्हणाली. तिनं श्वास घेतला. तो नेहमीपेक्षा जरा लांबला, एवढंच. "ज्या भागात आमचं प्रसारण ऐकू येत नाही, तिथल्या श्रोत्यांनी तसं केंद्राला कळवावं."

मग तिनं पत्ता सांगितला. सावकाश, पिनकोडसकट.

धैर्यशीलला शब्द न् शब्द ऐकू आला. कळवण्यासारखं त्याच्याकडं काही उरलं नव्हतं.